कानावर हात

खोटं वाटलं तर वाटू दे. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्या लिहायला बसले की मला सारखं मागे वळून बघावंसं वाटतं.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना अमावास्येची रात्र लागते. माझ्याकडे ती नाही. माझ्याकडे शुक्रवारची भर दुपार आहे. जागा ओमान. राजधानीतल्या रुवी भागाच्या मागच्या अंगाला एक चर्चचं आवार आहे, आणि त्या आवारात सगळ्यात शेवटी एक हॉल आहे. बाहेर ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही.

आवाराचं नाव लिहीत नाही. मला अजून इथेच राहायचंय.

मी शिवांगी साळवे. नगरची. शिवांगी नावाची बाई ख्रिस्ती कशी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नगरला येऊन जावं, तिथे आमची नावं अशीच असतात. नवरा स्वरूप सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. शिफ्ट फिरती. कधी गुरुवारी संध्याकाळी घरी येतो, कधी आठवडा आठवडा येत नाही. रुवीच्या फ्लॅटमध्ये मी आणि आमची मुलगी.

मुलीचं नाव मैना.

नाव ठेवलं तेव्हा कुणाला माहीत होतं, की ही मैना बोलणार नाही.

मैना जन्मापासून बहिरी. चौथं वर्ष लागलं तेव्हा पुण्याला तिचं ऑपरेशन केलं. डोक्याच्या आत एक भाग बसवतात. बाहेर कानामागे मशीन असतं, आणि मशीनच्या वायरला एक गोल चकती. चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटली की आवाज कानातून न जाता थेट आत पोचतो. चकती काढली की पोर पुन्हा ठार बहिरी.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालं. पण ऐकू येणं वेगळं आणि आवाज ओळखणं वेगळं. थेरपिस्ट मॅडमनी बजावलं होतं, दिवसभर बोलत राहा. वर्षभरात तिच्या मेंदूने आवाज धरला तर धरला. नाहीतर ते मशीन नुसतं कानात घातलेल्या डुलासारखं राहील.

मी बोलत राहिले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तिला न्हाऊ घालून चकती लावल्या लावल्या.

"मैना, आई म्हण. म्हण की गं. आ... ई."

ती माझ्या ओठांकडे बघायची. मी तिच्या पाठीमागे जाऊन हाक मारली की ढिम्म हलायची नाही. वर्ष सरत आलं होतं. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर एकच विचारायच्या, "म्हणाली का गं?" मी नाही म्हणायचे, आणि मग आम्ही दोघी हवापाण्यावर बोलायचो.

मला दुसरं काही नको होतं. तिने मला एकदा आई म्हणावं, बस.

आता त्या हॉलबद्दल.

तिथे मूकबधिरांची मंडळी भरते. मंडळी म्हणजे आमच्या बोलीत चर्चला जमणारा समाज. भारतातले, फिलिपिन्सचे, श्रीलंकेचे, असे सगळे. कुणी शिंपी, कुणी लाँड्रीत, कुणी छापखान्यात. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एबी, कोट्टायमकडचे, ते स्वतः बहिरे. तिथे गाणी हातांनी म्हणतात. व्यासपीठावर एक मोठा ढोल आहे. तो एवढ्या जोरात वाजवतात, की त्याचे हादरे जमिनीतून सगळ्यांच्या पायांत जावेत. त्यावर गाण्याचा ठेका धरतात. आणि प्रार्थनेच्या वेळी कुणीही डोळे मिटत नाही. डोळे मिटले की पाळकांचे हात दिसणार कसे? मला लहानपणापासूनची सवय. पहिल्याच दिवशी मी भक्तिभावाने डोळे मिटून बसले, तर शेजारच्या फिलोमिना आंटीने माझ्या बरगडीत कोपर घातलं.

फिलोमिना आंटी मूळच्या म्हापशाच्या. रुवीत कित्येक वर्षं बायकांचे कपडे शिवतात. ही मंडळी त्यांच्याच घरात सुरू झाली. मैनावर त्यांचा भारी जीव. मैना खुणा शिकली ती त्यांच्याकडून, आणि तिच्याबरोबर थोड्या मीही.

मी मात्र स्वभावाने संशयी. सासूबाई म्हणतात, हिच्या दारात देवदूत आला तरी ही आधी त्याचं रेसिडेंट कार्ड बघेल. तर मला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट खटकली.

आवारात जागेची मारामार. तमिळ लोक उपासना संपवून बाहेर पडतात तोवर मल्याळी लोक दारात उभे. त्यांच्या मागे फिलिपिनो. अर्ध्या तासावरून भांडणं होतात, तीही प्रभूच्या नावाने. आणि सगळ्यात मोठा, कार्पेट घातलेला, दोन एसी असलेला हॉल या मूठभर बहिऱ्या माणसांना दिवसभर मोकळा? तोही इतकी वर्षं?

फुकट ते पौष्टिक म्हणून गप्प बसणारी मी नव्हे. पाणी कुठेतरी मुरत होतं.

त्यातच पाळक एबींनी मला काम दिलं. मंडळीचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता. त्यांनी फोनवर टाइप करून दाखवलं, "सिस्टर, आमचा इतिहास तू व्हिडिओत जमव. आम्ही खुणांनी सांगू, तू खाली अक्षरं टाक."

मी तयार झाले. म्हटलं, बरंच झालं, आता विचारायचा परवानाच मिळाला.

सुरुवातीचा इतिहास सगळ्यांनी रंगवून सांगितला. फिलोमिना आंटीचा फ्लॅट, तिथे जमणारे पाच-सहा जण, आणि पाय आपटून धरलेला ठेका. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू पोलिसांत जायला निघाला होता म्हणे. ते सांगताना आंटी हसून हसून लाल झाल्या. मग आवाराच्या कमिटीने हा हॉल दिला.

मी खुणेने विचारलं, "आधी इथे कोण होतं? ते का गेले?"

आंटींचं हसू गेलं.

त्यांनी दोन्ही हात उचलले... आणि कानांवर ठेवले.

बस. पुढे काहीच नाही.

मी श्रीलंकेच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला विचारलं. नवऱ्याने कानांवर हात ठेवले. बायकोनेही ठेवले. छापखान्यातल्या एकाला विचारलं. त्याचंही तेच. शेवटी पाळक एबींना गाठलं. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि खुर्च्या लावायला निघून गेले.

मला संताप आला. सगळ्यांनी मिळून कानावर हात ठेवले होते! म्हणजे आम्हाला काही माहीत नाही, आम्हाला यात ओढू नका. एवढी मिलीभगत? कुणाची तरी जागा लाटलीय यांनी, असं माझ्या मनाने घेतलं. घरी येऊन मी व्हिडिओतून ते सगळे तुकडे कापून टाकले.

मग मी मुनीरला धरलं.

मुनीर आवाराची देखभाल बघतो. खेडकडचा. त्याला ऐकू येतं, बोलता येतं, आणि बोलायला लागला की थांबवावं लागतं. पण हॉलचा विषय काढल्यावर तो हातातल्या पाइपने झाडांना पाणी घालत राहिला.

"आदी मल्याळी व्हते ताई. मंग फिलिपिनो आले. कोन टिकला नाय."

"का?"

"म्हाईत नाय."

"तू एसी साफ करायला आत जातोस ना?"

"नाय जात. भायरूनच करतो. अर्बाबला, मालकाला, सांगून ठेवलाय."

"अरे पण का?"

त्याने नळ बंद केला.

"ताई, आत माज्या आईचा आवाज येतो. लहान व्हतो तवा बोलवायची, तसा. मुनू, हिकडं ये, बोल माज्यासंगती..."

मला वाईट वाटलं. म्हटलं, "कधी गेल्या आई?"

"गेली कुठं? खेडला हाय. सकाळीच फोनवर बोललो." तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मंग आत कोन हाय?"

खरं सांगू? मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, याला कुणीतरी शिकवलंय. हॉलबद्दल भीती पसरवायची, बहिऱ्यांना बाहेर काढायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. आणि मी इतके महिने त्या हॉलमध्ये बसत होते, मला कसं कधी काही ऐकू आलं नाही?

हे मनात आलं आणि लगेच उत्तरही आलं. हॉलमध्ये माणसं असतात तेव्हा ढोल चालू असतो. ढोल नसला तर ते दोन जुने एसी घरघरत असतात. तिथे शांतता अशी मी कधी ऐकलीच नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी मैनाला घेऊन लवकर गेले. कुणी आलं नव्हतं. एसी बंद होते. मी दाराजवळ चपला काढत होते आणि मैना कार्पेटवर पुढे गेली होती, माझ्याकडे पाठ करून.

आणि...

मैनाने वळून पाहिलं.

माझ्याकडे नाही. व्यासपीठाकडे. कुणी हाक मारल्यावर मूल वळतं ना, तशी पटकन.

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा भूत नव्हतं, मुनीर नव्हता, काही नव्हतं. माझी पोर आवाजाच्या दिशेने वळली होती! थेरपिस्ट मॅडम महिनोन्‌महिने व्हिडिओ कॉलवर डबे वाजवायला लावून ज्याची वाट बघत होत्या, ते झालं होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

बाहेर कुठेतरी काही पडलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पत्रा तापून वाजला असेल.

त्यानंतर मी दर शुक्रवारी हेच करू लागले. लवकर जायचं, एसी लावायचे नाहीत, घामाने चिंब होत बसायचं. घरी मैना दगडासारखी. हॉलमध्ये मात्र ती वळायची. मान तिरकी करून ऐकायची. एकदा तर हुंकार दिला.

नेहमी त्याच दिशेला. ढोलाच्या मागे, जिथे जुना निळा पडदा आहे.

पडद्यामागे भिंत आहे. मी बघून आले होते.

आई म्हणून माझं चुकलं असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ज्याला तहान लागलीय तो विहीर कुणाची हे विचारत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

फिलोमिना आंटींना हे कळलं. एका शुक्रवारी त्या लवकर आल्या, मैनाला बंद एसीत बसलेली बघितलं आणि तिचा हात धरून सरळ बाहेर घेऊन गेल्या. मी मागे धावले. त्यांनी मैनाच्या मशीनकडे बोट दाखवलं, हॉलकडे दाखवलं आणि जोराजोराने मान हलवली. नाही. नाही.

मग पुन्हा तेच. कानांवर हात.

आता मला त्याचा वेगळाच अर्थ लागला. यांना मैनाने ऐकायलाच नको आहे! ऐकायला लागली, बोलायला लागली, की ती यांच्यातली राहणार नाही. म्हणून हा जळफळाट. मी त्यांना खुणेने सुनावलं, "माझी मुलगी आहे. तुमची नाही."

आंटींचे हात हवेत राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले.

आता तो शुक्रवार.

स्वरूपची शिफ्ट होती, तो सोहारला. उपासना संपली होती. सगळे व्हरांड्यात चहा घेत होते. मी मैनाला घेऊन परत आत आले, दार लोटलं आणि दोन्ही एसी बंद केले. थेरपिस्ट मॅडमना पाठवायला म्हणून फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो खुर्चीवर ठेवला. मैनाला कार्पेटवर ठोकळे मांडून दिले. मी तिच्या मागे, भिंतीला टेकून बसले. एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं.

एसी गार होताना टक... टक... वाजत राहिला.

मग तोही थांबला.

बाहेर माणसं होती, पण ती बहिरी माणसं. हसण्याचा, कपांचा थोडा आवाज यायला हवा होता. तोही नव्हता. रस्त्यावरच्या गाड्या नव्हत्या. स्वतःचा श्वास ऐकू यावा अशी शांतता.

मैनाने मान वर केली.

ठोकळा तिच्या हातात तसाच राहिला. ती पडद्याकडे बघत होती.

आणि मग... पहिल्यांदाच... मलाही ऐकू आलं.

"मैना..."

हळू. लाडात.

"मैना... आई म्हण."

मला आधी वाटलं, फोन. मागचा एखादा व्हिडिओ आपोआप चालू झाला असेल. फोन माझ्या उजवीकडे होता. आवाज समोरून येत होता.

"म्हण की गं. आ... ई."

तो माझा आवाज होता.

माझ्यासारखा नाही. माझा. थेरपीसाठी मी स्वतःचे इतके व्हिडिओ काढलेत, की माझा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे मला पाठ आहे. 'की गं' म्हणताना मी थोडा हेल काढते, तो नगरचा हेल. शेवटच्या 'ई'ला माझा आवाज जरा चिरकतो. तो तसाच चिरकला.

मी ओठांना हात लावून बघितला. ओठ मिटलेले होते.

"आई म्हण, बाळा. मी इथे आहे."

हे वाक्य मी कधी म्हटलेलं नाही.

मला उठायचं होतं. उचलायचं होतं तिला. पाय उचलेनात. आवाज मोठा होत नव्हता, पण आधी पडद्यामागे होता, तो आता ढोलाच्या अलीकडे होता. मैना त्याच्याबरोबर नजर फिरवत होती. आधी पडदा. मग ढोल. मग व्यासपीठाची पायरी.

तेवढ्यात दार उघडलं. फिलोमिना आंटी.

त्यांनी व्यासपीठाकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सावकाश हात वर केले आणि कानांवर ठेवले.

आत्ताही हेच? माझ्या मनात आलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की त्या मला मीच दाखवत होत्या.

माझे दोन्ही हात माझ्या कानांवर होते. घट्ट. कधी गेले मला माहीत नाही.

कुणी माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. मी विचारलं होतं, आधीचे लोक का गेले? हॉल बघायला आलेल्या बहिऱ्या माणसांनी तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच मला करून दाखवलं. ते लोक इथे बसायचे, असे कानांवर हात ठेवायचे आणि निघून जायचे. यापलीकडे त्यांना काही दिसलं नव्हतं, आणि ऐकू तर येतच नव्हतं. मी मराठी बाई. मला त्यात फक्त नाकबूल करणं दिसलं.

माझे कान मी झाकले होते. मैनाचे कोण झाकणार? तिच्यापर्यंत आवाज कानातून जातच नाही.

मैना हसली. दोन्ही हात पुढे केले.

"आ... ई."

स्पष्ट. गोड. जिच्यासाठी मी जीव टाकला होता ती हाक.

तिने ती पायरीवरच्या रिकाम्या जागेला मारली.

फिलोमिना आंटी धावल्या. त्यांनी मैनाच्या डोक्यावरची चकती ओढून काढली, तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि आम्हाला फरफटत बाहेर काढलं. चकती वायरला लोंबत होती. म्हणजे मैनाला आता काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्या अगदी समोर होते. तिचा चेहरा आंटींच्या खांद्यावरून मागे, माझ्याकडे होता.

ती मला ओलांडून पलीकडे बघत होती.

"आई," ती पुन्हा म्हणाली.

रात्री स्वरूप आला. मी त्याला सगळं सांगितलं, मग रेकॉर्डिंग लावलं. मला वाटलं होतं, त्यात काही नसेल. असं ऐकलंय ना आपण, की असलं काही रेकॉर्ड होत नाही.

त्यात सगळं होतं.

स्वरूप डोळे पुसत म्हणाला, "अगं शिवा, तूच तर बोलतेयस की. केवढ्या प्रेमाने बोलतेयस. आणि पोरगी आई म्हणाली! घाबरलीस कशाला?"

"मी बोलत नव्हते रे."

"मग हा आवाज कुणाचा?"

आवाज माझाच होता.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर हमसून हमसून रडल्या. नगरला पेढे वाटले. थेरपिस्ट मॅडमनी ते रेकॉर्डिंग ऐकून लिहिलं, "अभिनंदन. तिने आईचा आवाज ओळखला." सगळीकडे आनंदीआनंद, आणि मी त्यात चोरासारखी. कधी कधी मला माझाच संशय येतो. मीच बोलत होते का? पण मग 'मी इथे आहे' हे कोण म्हणालं?

पाळक एबींना मी मेसेज करून विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? त्यांचं उत्तर आलं, "सिस्टर, आम्हाला तिथे कधीच त्रास झाला नाही. तुला सगळ्यांनी सांगितलं होतं." एवढंच. ते कापलेले तुकडे मी व्हिडिओत परत घातले. समारंभाला आलेल्या, ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना तो विनोद वाटला. ते हसले. मंडळीतलं कुणी हसलं नाही.

आम्ही आता त्या हॉलमध्ये जात नाही. फिलोमिना आंटीच घरी येतात. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. मैना बोलते आता. पाणी म्हणते, गाडी म्हणते, बाबा म्हणते. आई तर दिवसभर चालू असतं. ज्याला सांगावं तो म्हणतो, तुझ्या कष्टांचं चीज झालं.

पण मी स्वयंपाकघरातून हाक मारली, की मैना आधी बेडरूममध्ये जाते.

परवा दुपारी ती झोपून उठली. मशीन आणि चकती डबीत होती, डबी माझ्या हातात. मी पलंगाच्या एका बाजूला बसले होते. तिने डोळे उघडले, दुसऱ्या बाजूला वळली आणि म्हणाली, "हं?"

थोडं थांबली. ऐकत असल्यासारखी.

मग हसून म्हणाली, "आई."

स्वरूपला हे सांगितलेलं नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. मी फक्त एक करते. मैना आई म्हणाली, की मी लगेच ओ देत नाही. आधी ती कुठे बघतेय ते बघते.